लवूची जागा

आमच्या गाण्याची लोकांनी पार वाट लावली आहे. भाईंदर पूर्वेच्या शाळेत ते कवायतीच्या ठेक्यावर वाजतं, काशीमीऱ्याच्या हॉटेलात ऑर्केस्ट्रावाला त्यात ढोल घालतो, आणि परवा कुणीतरी त्याचं रॅपही केलं. देशभक्ती म्हणजे छाती फुगवून ओरडणं, एवढंच यांना ठाऊक.

मूळ गाणं निरोपाचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही कामगारांनी बसवलेल्या संगीत नाटकात ते मी म्हणायचे. नवरा सरहद्दीवर निघालाय, बायको दारात उभी. ‘तुझ्या पावलांना देश, माझ्या उंबऱ्याला वाट’ म्हणून मी थांबायचे. पेटी, तबला, सगळं बंद. मग विंगेतून आवाज यायचा, “येतो गं.” त्यावर हमखास वन्समोअर. तो सैनिक म्हणजे लवू. पुढे खराखुरा नवराही तोच झाला. दोन वर्षांपूर्वी गेला.

नाटकाचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. गाण्याची कॅसेट निघाली ती दुसऱ्याच बाईच्या आवाजात, आणि त्या थांबायच्या जागी बिगूल घातला. पुढच्या सगळ्यांनी तीच नक्कल केली. मला एकदाच ते लवूच्या जागेसकट म्हणायचं होतं.

यंदा पंधरा ऑगस्टच्या आधी सोसायटीचा सेक्रेटरी दिपेश म्हणाला, “आशाकाकू, तुम्हीच गा ना. नाटकात पहिल्यांदा तुम्ही गायलात, बिल्डिंगमध्ये कोणाला माहीतच नाय. मी ट्रॅक लावतो.”

“ट्रॅक नको,” मी म्हटलं. मध्ये कुणीतरी ‘येतो गं’ म्हणायला हवं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण लवूचं वाक्य दुसऱ्याला द्यायला मन होईना.

झेंडावंदन झालं. मी गायले. आवाज कापला, पण सूर सोडला नाही. त्या ओळीवर थांबले आणि विंगेकडे बघावं तसं जिन्याकडे बघितलं. वेडी का मी? तो येणार नाही हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारची हिना पुढे झाली. “आशाबेन, भूल गये क्या? मैं हूँ ना!” आणि टाळ्या वाजवत तिने पुढचं कडवं उचललं. तिचा काय दोष? माया आहे बिचारीची. मीही तिच्याबरोबर म्हटलं.

दुपारी ग्रुपवर व्हिडिओ आला. ओळ संपली की लगेच पुढचं कडवं. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. खाली दिपेशने लिहिलं होतं, ‘काकू, एकदम मस्त! मध्ये तुम्ही अडकलात ते कट केलंय. कोणाला कळणार पण नाय.’

मी चष्मा पुसून एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘तो काढलेला तुकडा मला पाठव.’

लगेच उत्तर आलं. ‘माझ्या फोनमधून पण उडवला, काकू. टेन्शन नका घेऊ.’