गाईच्या घशात हात

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा ताई एका शेळीच्या खुराला पट्टी बांधत होती. पलीकडच्या बाईनं नमुन्याचा क्रमांक वाचून दाखवला आणि म्हणाली, "गाईच्या मेंदूत रेबीज निघालाय. तिच्या लाळेशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्यांची यादी लगेच पाठवा."

यादी कसली करायची? ताईनं स्वतः ह्या रोगाची लस केव्हाच घेतलेली होती. उरलं एकच माणूस, आणि ती तिची सख्खी धाकटी बहीण होती.

ताई गुरांची डॉक्टर. बावीस वर्षांत सगळा परिसर तिला ताईच म्हणायला लागला होता. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि खरं सांगायचं तर ही रेघ तिनं स्वतःच जरा जास्त ठळक करून ठेवली होती. हाताखाली येणाऱ्या नव्या डॉक्टरांना तिचा पहिला धडा ठरलेला असे. गाय लाळ गाळतेय, गिळत नाही, विचित्र हंबरतेय, तर घशात काहीतरी अडकलंय असंच तुम्हाला वाटणार. हात घालू नका! आधी रेबीजचा विचार करा.

आणि नऊ दिवसांपूर्वी धाकटीच्या गोठ्यात नेमकी तशीच गाय उभी होती. शेजारी बटाट्यांचं पोतं फुटलेलं दिसलं आणि बाईसाहेबांनी निकाल देऊन टाकला, "बटाटा अडकलाय." ताईचा पंजा रुंद, जबड्यातून पुढे जाईना. धाकटीचा हात मात्र लहानपणापासून बारीक. बरणीच्या तळाशी चमचा पडला की घरात हाक तिलाच. "घाल गं तू, मी जबडा धरते," ताई म्हणाली. हातमोजा धाकटीला ढगळ होऊन घसरत होता, तो ताईनंच काढायला लावला.

आत बटाटा नव्हता. "खाली सरकला असेल," ताईनं ठोकून दिलं. दोन दिवसांनी गाय मेली तेव्हा घशाला आतून जखम झाली होती, असं सांगून ती मोकळी झाली. पण मन खात राहिलं, म्हणून तिनं मेंदूचा नमुना पाठवला, तोही गुपचूप. बहिणीला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला कुणी अडवलं होतं? पण मग चूक कबूल करावी लागली असती. सात दिवस ताई तोंड मिटून बसली होती.

आता फोन ठेवून ती तशीच गाडी काढून धाकटीच्या घराकडे निघाली. फाटकावर सायकलवाल्याला धक्का लागता लागता राहिला. तो काय बोलला ते तिच्या कानावरही आलं नाही.

धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. "अगं, आज इकडे कुठे वाट चुकलीस?"

"गाडीत बस. दवाखान्यात जायचंय, इंजेक्शनं घ्यायची आहेत."

"कुणाला?"

"तुला. तुझी गाय रेबीजनं गेली. तिच्या मेंदूचा नमुना मी पाठवला होता, आत्ताच प्रयोगशाळेतून फोन आला."

धाकटी हसलीच. "काहीतरीच तुझं! मला कुत्रा कुठे चावलाय?"

"चावायला कशाला हवा? जखमेला लाळ लागली तरी पुरतं. बोटाला चीर होती ना तुझ्या?"

"विळा लागला होता जरासा. भरूनसुद्धा आलं, हे बघ." तिनं उजव्या हाताचं बोट नाचवलं. "आणि बटाटा होता असं तूच म्हणालीस ना? त्या लोकांनी नमुन्यांची अदलाबदल केली असेल. मी तुझं ऐकू की त्यांचं?"

सगळं जग तिच्या शब्दावर विसंबतं याचा तिला केवढा अभिमान होता, आणि आता तोच शब्द बहिणीच्या वाटेत आडवा पडला होता.

"आणि नऊ दिवस झाले की," धाकटी चादर झटकत म्हणाली. "व्हायचं असतं तर एव्हाना काही झालं नसतं?"

"तीच तर त्याची खोड आहे. तो रक्तातून फिरत नाही, फिरला असता तर अंगातल्या राखणदारांनी त्याला धरला असता. जखमेतून तो मज्जातंतूत शिरतो आणि आतल्या आत मेंदूकडे रोज थोडा थोडा सरकतो. ना ताप, ना सूज. मेंदूत पोचला की तिथल्या पेशींना त्यांचं काम सोडायला लावून आपल्याच नकला काढून घेतो. मग लाळेत उतरतो आणि गिळणंच बंद पाडतो. लाळ बाहेर गळायला हवी ना, दुसऱ्याला लागायला! गाईच्या घशात काही अडकलं नव्हतं गं. तिला गिळताच येत नव्हतं."

धाकटीचे हात थांबले. "आणि मेंदूत पोचल्यावर इंजेक्शन घेतलं तर?"

"मग कशाचाच उपयोग नाही."

"पण तू तर तेव्हा म्हणालीस..."

"मी चुकले!" ताई जवळजवळ ओरडली. "पहिल्या वर्षाचं पोरगंही करणार नाही अशी चूक केली. गाय मेली तेव्हाच मला संशय आला होता. तुला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली."

"गाय मरून सात दिवस झाले," धाकटी सावकाश म्हणाली. तिनं ओली चादर तशीच बादलीत टाकली, पायात चपला अडकवल्या आणि गाडीत जाऊन बसली, पण पुढे ताईशेजारी नाही, मागच्या सीटवर. रस्ताभर ताई आरशातून तिच्या गळ्याकडे बघत होती. धाकटी बाटली उघडून पाणी प्यायली आणि ते नीट खाली उतरलं, तेव्हा कुठे ताईनं श्वास सोडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट साबणानं बराच वेळ धुवायला लावलं. मग जखमेच्या वणातच सुई टोचून आयत्या प्रतिपिंडांचं औषध भरलं. लस काम करायला लागेपर्यंत पहारा त्यांनीच द्यायचा होता. बोट टच्च फुगलं. दंडात लसीचा पहिला डोस गेला. पुढच्या तारखा लिहिता लिहिता डॉक्टरांनी सहज विचारलं, "त्या बोटात मुंग्या, आग, टोचल्यासारखं, असं काही आधीपासून होतं का?"

धाकटी ताईकडे न बघता म्हणाली, "परवापासून मुंग्या येतात. मला वाटलं, म्हशीच्या धारा काढून येत असतील."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"जखम भरतानाही येतात," डॉक्टर जपून म्हणाले. "रोगाची सुरुवातही अशाच मुंग्यांनी होते; इतक्या लवकर सहसा होत नाही. पण होणारच नाही असं मला लिहून देता येणार नाही. एकही तारीख चुकवू नका."

सुईनंतर अर्धा तास बाहेरच्या बाकावर थांबायचं होतं. समोरच्या भिंतीवर लहान मुलांच्या लसींचा तक्ता होता. धाकटीनं तो दोनदा वाचला असावा.

"ताई, ह्या मुंग्या त्याच्या नाहीत ना?"

नाही गं, वेडी का तू, हे वाक्य ताईच्या जिभेवर तयार होतं. बावीस वर्षं अशीच तयार वाक्यं तिनं लोकांच्या पदरात टाकली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

धाकटीनं मान हलवली. फुगलेलं बोट तिनं दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं होतं.

"आणि सात दिवसांपूर्वी आणलं असतंस तर?"

हे मात्र ताईला पक्कं माहीत होतं.

"तेव्हा मुंग्या नव्हत्या," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर, तोंडावर हात धरून, रडायला लागली.