मोरूमामांचं उत्तर

कासू गावची वैशाली रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होती. तिचे सासरे मोरूमामाही तिथंच. एकाच गोडाऊनमध्ये दोघं रंगाच्या पुडीच्या गोण्या भरायची, शिवायची आणि दोन बाजूंनी धरून ट्रकात चढवायची. संध्याकाळी दोघांचे हात कोपरापर्यंत सारखेच निळे. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मात्र मामांना जास्त, तिला कमी. बायकांची हजेरी कमीच असते, हे तिनं ऊन-पावसासारखं धरून चाललं होतं.

एकदा माहेरच्या जमिनीच्या कामासाठी ती पेणला अंतराताईंकडे गेली. अंतराताई वकील. बोलता बोलता हजेरीचा विषय निघाला तशा त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"एकच काम करता आणि पैसे कमी? अहो, असं चालतच नाही. शहात्तर सालापासून कायदा आहे. आताच्या नव्या वेतन संहितेतही तेच आहे."

वैशालीनं मनात हिशेब केला. शहात्तर साली तिच्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं! आपण जन्मायच्या आधीच दूर दिल्लीत कुणीतरी आपली बाजू मांडून ठेवली, आणि आपल्याला पत्ताच नाही. परतताना ती एसटीच्या खिडकीबाहेर बघत होती, पण नेहमीची शेतं, नेहमीची मिठागरं काहीच तिच्या नजरेत भरत नव्हतं. कुण्या अनोळखी माणसानं आपलं नाव घेऊन हाक मारावी तसं तिला वाटत होतं.

गोडाऊनमधल्या बायकांना घेऊन तिनं तक्रार केली. मामा भडकले.

"कंपनीच्या जिवावर चूल पेटती गो! तिच्याशीच भांडायला निघालीस?"

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गोणी दोघं मिळूनच उचलत, पण मुकाट्यानं.

शेवटी चौकशीला कामगार खात्याच्या नमिता मॅडम आल्या. तरुण बाई, पायात साध्या चपला. गोडाऊनच्या धुळीत त्या सरळ आत आल्या, तेव्हा वैशालीच्या अंगावर काटा आला. जो कायदा तिनं फक्त कानांनी ऐकला होता, तो चालत चालत इथवर आला होता.

ठेकेदाराचा सुपरवायझर धनेश पुढं झाला. आदल्या दिवशी त्यानं मामांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावलं होतं. वैशालीनं ते पाहिलं होतं, आणि घरी मामा जेवलेही नव्हते.

"मॅडम, बायका हलकी कामं करतात," धनेश म्हणाला. "या मोरूला विचारा. इथला सगळ्यात जुना माणूस."

"काका, खरं काय ते तुम्हीच सांगा," नमिता मॅडम म्हणाल्या.

मामांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. वैशालीनं मान खाली घातली.

"गोणी उचलताना माझ्यासमोर हीच असती," मामा म्हणाले. "रोज."

"पण जड बाजू तूच धरतोस ना?" धनेशनं मध्येच विचारलं.

"गोणीला जड बाजू नसती, सायेब. हिनं हात सोडला त सगळी माझ्या पायावर येल."

घरात सणावारालासुद्धा चार वाक्यं न बोलणारा हा माणूस! वैशालीला त्यांच्याकडे बघवेनाही आणि नजर काढवेनाही. डोक्यावरचा पदर कधी घसरला, तिला कळलं नाही.

"उद्या गेटवर बघू तुला," धनेश दातओठ खात पुटपुटला.

"बघा की," मामा म्हणाले, आणि पुढच्या गोणीला हात घातला.

ठेकेदाराला बायकांची हजेरी पुरुषांइतकी करावी लागली. मागच्या फरकासाठी अजून तारखा पडताहेत. मामांना मात्र वयाचं निमित्त करून घरी बसवलं. अंतराताई त्यासाठीही भांडताहेत.

नवी हजेरी हातात पडली त्या दिवशी वैशाली थेट शेतावर गेली. मामा वालाच्या शेंगा तोडत होते. शब्द जुळवत ती बांधावर येऊन उभी राहिली.

"मामा, तुम्ही तर माझ्यावर रागावला होतात. मग तसं का बोललात?"

मामांनी विचार केला. प्रश्नच त्यांना नवा असावा.

"रागावलो व्हतो. भ्यालो पन व्हतो," ते म्हणाले. "पन त्या मॅडमनं खरं काय ते इचारलं गो. इतकी वरसं कुणी इचारलंच नव्हतं."

आणि ते पुन्हा वाकले. वैशालीनं चपला बांधावर काढल्या आणि शेंगा तोडायला त्यांच्या शेजारी बसली.