नकलेतल्या चुका

पहिली वीट खिडकीतून आली ती थेट ताईच्या कपाळावर बसली. भिंग तिच्या शेजारीच उभा होता. जाड चष्म्यामुळे गल्लीनं त्याला हे नाव दिलेलं. नोकरी विषाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. ताई त्याची सख्खी मोठी बहीण, इस्पितळात नर्स. साथीत गल्लीतले सहा जण दगावले आणि रोग नर्सनंच आणला, असं परस्पर ठरून गेलं. जमावाला अक्कल लागत नाही, हात लागतात, आणि ते भरपूर होते.

दारावर पहारीचे घाव पडू लागले. पहार ठेकेदाराच्या हातात होती. त्याचा बाप चारच दिवसांपूर्वी गेला होता.

भिंग दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला. "थांबा. ताईनं नाही आणला. पुरावा आहे माझ्याकडे."

"बोल लवकर," ठेकेदार म्हणाला.

"विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि काढताना चुकतो. जुनी चूक पुढच्या नकलेत तशीच जाते, वर नवी भर पडते. तुमच्या वडिलांच्या नमुन्यात पाच चुका होत्या. ताईच्या नमुन्यात त्याच पाच, वर दोन नव्या. म्हणजे त्यांचा आधीचा. ती त्यांना इंजेक्शन द्यायला यायची ना? तिथंच तिला लागण झाली."

पहार खाली आली. ती इंजेक्शनं ठेकेदारालाही आठवली असावीत. "मग माझ्या बापाला कुणी दिला?"

इथं भिंगानं तोंड आवरायला हवं होतं. दोनशे माणसांच्या गल्लीत नमुने तपासले होते फक्त नऊ जणांचे. मधला दुवा कुणीही असू शकत होता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ताईच्या कपाळातून रक्त गळत होतं आणि त्याला ही माणसं दारातून हलवायची होती.

"त्या पाचांतल्याच चार चुका असलेला नमुना एकच आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा."

जमाव वळला. शिलाई मशीन खिडकीतून रस्त्यावर येऊन फुटलं. मागोमाग शिंपीणबाईंना केसांना धरून ओढत आणलं. "तसं सिद्ध होत नाही, मधे कुणीही असेल," भिंग घसा फोडून सांगत राहिला. ऐकायचं तेवढं त्यांनी आधीच ऐकलं होतं.

"काय करून बसलास रे हे?" ताई त्याला ढकलून धावली. कोपरांनी गर्दी फोडत ती आत घुसली आणि शिंपीणबाईंच्या अंगावर पालथी पडली. पहार तेव्हा वर गेलेली होती. ठेकेदारानं तिला ओळखलं, पण हात काही थांबला नाही.

किंचाळल्या त्या शिंपीणबाई. ताईच्या तोंडून आवाजच आला नाही.