मालकांची अट

मी शिवबाई. सोलापुरात शेंगाची चटणी आन् कडक भाकरीचं आमचं दुकान हाय. गल्ल्यावर मालक बसतात, मालक म्हणजे आमचे हे, सिद्धप्पा. पण दुकानात आवाज माझा चालतो. कुणालाबी विचारा की.

गेल्या साली माझा पाठचा भाऊ अमरेश मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला. डॉक्टरांनी तवाच बजावलेलं, सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीनं आतडं बघून घ्या. आत कोंब धरतो, त्याला पॉलिप म्हणतात. वेळेवर सापडला तर काढता येतो, राहिला तर कधीकधी त्याचाच कॅन्सर होतो.

मी म्हणलं, "मला काय धाड भरलीया? आन् ती दुर्बीण घालणार कुटनं? शी! काय बोलायची रीत हाय का न्हाय?" सून महेश्वरी हातापाया पडली. न्हाय म्हणजे न्हाय. खरं सांगू? लाज थोडी होती, भ्या लई होतं. भावाच्या पोटात निघालं ते माझ्या पोटात निघालं तर काय करू? त्यापेक्षा बघायलाच नको, झाकली मूठ बरी.

मग एक दिवस मालक संडासातनं आले ते तोंड एवढंसं करून. म्हणाले, "शिवे, रक्त पडतंय."

"यव्वा! कवापास्नं? आन् आज सांगताय व्हय? अक्कल गहाण ठेवलीया का? उद्याच्या उद्या दुर्बीण!"

"मी एकटा न्हाय जाणार."

"मी येते की बाहेर बसायला."

"बाहेर न्हाय. सत्यनारायणाला जोडीनं बसलो, पोरांच्या लग्नात जोडीनं बसलो. हेबी जोडीनंच. तू करणार असशील तर मी करतो, न्हायतर जे व्हायचं ते होईल."

मी आकांडतांडव केलं. मालक हटले न्हायत. शेवटी म्हणलं, जाऊ दे, ह्यांच्या जिवापुढं माझी लाज काय मोठी?

डॉक्टरीण जोया म्हणून एक पोरगी होती, लई गोड. तिनं सांगितलं, आधी काही दिवस शेंगदाणा, तीळ, बियांचं काय बी खायचं न्हाय, नुसता मऊ भात. आदल्या दिवशी पातळ प्यायचं आन् जुलाबाचं औषध घ्यायचं, म्हणजे आतडं लख्ख होतंय.

मालकांवर मी डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला. चटणीचा डबा कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. गल्ल्यावरनं बिचारे उखळाकडं बघत बसायचे. पण चटणी तर कुटायलाच लागते, आन् मिठाचा अंदाज जिभेवर घेतल्याबिगर ती मी उखळातनं काढू देत न्हाय. म्हणून मी चिमूट चिमूट तोंडात टाकत होते. चव बघणं म्हणजे काय खाणं हाय व्हय?

औषधानं दोघांची जी दौड लागली ती काय सांगू! घरात संडास एकच. लग्नानंतर पहिल्यांदाच मालकांनी माझ्याआधी नंबर लावला आन् दार उघडलं न्हाय. मी बाहेरनं शिव्या घालतेय, मालक आतनं "ओम नमः शिवाय" म्हणतायत.

तपासणीला महेश्वरी सोबत आली. आधी मालक आत गेले, मागनं मी. झोपेचं इंजेक्शन दिलं, पुढचं मला काय ठावं न्हाय. जागी झाले तर जोया डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभी.

"आजी, शेंगदाणे कुणी खाल्ले?"

मी मालकांकडं बोट करणार होते, पण तिनं टीव्हीवर माझ्याच आतड्याचा फोटो लावला. सगळीकडं कूट! माझी मान खाली गेली. महेश्वरी पदरात तोंड घालून हसत होती, भवानी.

"पाणी मारमारून धुवायला लागलं," डॉक्टरीण म्हणाली, "आणि कूट बाजूला झालं तेव्हा हे दिसलं."

बोराएवढा लालसर कोंब होता, देठासकट. तिनं तारेचा फास टाकून तिथल्या तिथं काढलेला आन् तपासायला पाठवलेला. माझी लाजबीज सगळी पळाली. अमरेशच दिसायला लागला डोळ्यापुढं.

रिपोर्ट येईपर्यंत मी कुणावर ओरडले न्हाय. दुकानातली माणसं घाबरली, म्हणाली आजी जातीय बहुतेक.

रिपोर्ट आणायला आमी दोघं आन् महेश्वरी गेलो. "कॅन्सर नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण राहिला असता तर होऊ शकला असता. आता ठरलेल्या वेळी परत दाखवत राहायचं."

मी तिच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. मग आठवलं. "आन् मालकांच्या रक्ताचं काय?"

ती मालकांकडं बघून हसायला लागली. "आजोबांना मूळव्याधसुद्धा नाही. आतडं एकदम स्वच्छ."

मी मालकांकडं वळले. "मग रक्त कसलं पडत होतं?"

मालक चपलेकडं बघत म्हणाले, "कसलंच न्हाय."

"म्हणजे? खोटं? फुकट नळी घालून घेतली?"

"तू दुसरं कशानं आली असतीस?"

"लाज न्हाय वाटली एवढं खोटं बोलताना?"

"वाटली की. पण अमरेशला मातीत ठेवताना तुझ्याकडं बघितलं, आन् मला काय सुचंना झालं. मी एकटा घरात कसा राहू गं?"

मला शिवी द्यायची होती, सापडली न्हाय. मी मालकांचा हात धरला, महेश्वरी बघत होती तरी तो सोडला न्हाय.