बाप्टिस्टांच्या बागेतलं गाऱ्हाणं

परळच्या बाप्टिस्टांच्या बंगल्याचा इतिहास त्यांच्याच घरातल्या जोआनने लिहिला. बंगला टॉवरवाल्याला दिला ना, म्हणून आठवण. चोवीस पानं, चकचकीत कागद. कारंजं कुठून आलं, गुलाबाची कलमं कुठल्या बोटीने आली, पणजोबांनी बकुळ कधी लावली, सगळं आहे. माळ्यांवर एक ओळ: 'बागेची निगा नोकर राखत.' घ्या! पणजोबांनी आयुष्यात एकदा जरी खुरपं धरलं असेल, तर मी मिशी उतरवीन.

मी जयवंत, या बागेचा पाचवा माळी. आम्ही सगळे मालवणकडचे, एकाने दुसऱ्याला आणलेले. आमचा इतिहास बकुळीखालच्या दगडापाशी. तो बागेचा राखणदार. दर देवदिवाळीला त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि त्यात गेलेल्या माळ्यांची नावं घ्यायची. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, अभद्र असतं. तो मेला की त्याच्या मागचा माळी घेतो. माझ्या मागे कोणी नाही. पुढच्या महिन्यात इथे पार्किंगचा खड्डा खणणार. म्हणजे माझं नाव घ्यायचं राहिलंच. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' म्हणायला दुसरं माणूस लागतं. सदतीस वर्षं ते काम विल्माबाई करतात. जोआनची आत्या, वय चौऱ्याऐंशी, रविवारचं चर्च कधी चुकवत नाहीत. पहिल्या वर्षी मी एकटाच बडबडताना दिसलो तेव्हा व्हरांड्यातून उतरून आल्या. "ओ द्यायला कोणी नको का रे?" म्हणाल्या. तेव्हापासून येतात.

यंदाही काठी टेकत आल्या. जोआन मोबाईल धरून बाजूला उभी राहिली. मी नारळ ठेवून सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा, ही बाग धोंडूने उभी केली, ही बकुळ त्याने लावली..."

"होय महाराजा."

जोआनने मोबाईल खाली घेतला. पणजोबा आठवले असणार.

"रावजीने विहीर उपसली, शिवरामाने आंबे जगवले, कोंडीरामाने मला हाताला धरून शिकवलं..."

"होय महाराजा."

"त्यांचं काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे."

"होय महाराजा."

मी फोडायला नारळ उचलला. तेवढ्यात बाईच पुढे बोलल्या, "आणि जयवंताने सदतीस वर्षं या बागेला पाणी घातलं..."

"ओ बाई!" मी ओरडलोच. "जित्या माणसाचं नाव घेतात होय? मारताय काय मला?"

"गप रे. तू मरशील तेव्हा हा दगड कुठे असेल? आणि मी तरी कुठे असेन?"

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. जोआनला ओ द्यायचं ठाऊक नव्हतं. गाऱ्हाणं असं अर्धवट सोडता येत नाही. शेवटी मीच म्हटलं.

"होय महाराजा."