पुंगळ्या छाटणाऱ्याची धडकी

मित्रांनो, मी एक जुना, तेलकट, खरखरत्या आवाजाचा छाटणीवाला आहे. झाडं छाटत नाही, डोक्यावरचे केसही नाही. मी छाटतो रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची तोंडं. अमेरिकेतल्या मोंटानात ऑरिन ट्वाइट नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये, खिडकीखालच्या फळीला मला स्क्रूंनी जखडून ठेवलंय. म्हणून आजवर पळून गेलो नाही. नाहीतर मी सांगतोय त्या दिवशी नक्की गेलो असतो.

मी कारखान्यात जन्मलो नाही. ऑरिनच्या मेहुण्याने, हाल्वरने, दुधाची साय काढायच्या यंत्राची मोटर उपटली आणि मला बसवली. त्यावरून त्याच्या बायकोने कित्येक महिने त्याला बिनसायीची कॉफी पाजली. पण मोटर काय होती! एकदा माझ्या पात्यावर एक माशी बसली, ती अजून भोवळ येऊन उलटी उडते. माझं कातरण वाऱ्याने शेजारच्या खुराड्यात गेलं, तेव्हा कोंबड्यांनी पिवळीधमक पितळी अंडी घातली. कोंबड्यांना विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत.

असो. गोळी झाडली की पुंगळी आतल्या आगीने ताणली जाते आणि तिची मान लांबते. ही वाढलेली मान मी कापतो. मग त्याच पुंगळीत नवी दारू आणि नवी गोळी भरतात. पुंगळी माझ्या साच्यात खुपसली की तिचा खांदा अडतो, आणि मान जेवढी पात्यापर्यंत पोचेल तेवढी खर्रकन उडते. पातं कुठवर पुढे आणायचं, ते आधी ठरवून स्क्रू आवळायचा. याला मला लावणं म्हणतात. माझी सगळी अब्रू त्या स्क्रूत आहे.

एके काळी गावातले शिकारी माझ्याकडे डबे भरभरून पुंगळ्या आणत आणि पाठीवर थाप मारून जात. मग ऑरिनचे गुडघे गेले, कान तर रायफलींनी कधीच खाल्ले होते. शिकार सुटली. माझ्यावर कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं पडलं आणि मोटरीत उंदरांनी संसार थाटला.

मग एका शरद ऋतूत पोतं उचललं गेलं. ऑरिनची मुलगी मारित, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवते ती, दरवर्षी एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीच्या परवान्यासाठी सोडतीत नाव घाली आणि दरवर्षी हात हलवत परत येई. त्या वर्षी तिचं नाव निघालं. ती आजोबांची रायफल नेणार होती.

"बाबा, मी दुकानातून काडतुसं आणते ना. कशाला खटाटोप?"

"आजोबांच्या रायफलीत दुकानातला माल? म्हातारा कबरीतून उठून माझे कान धरेल!"

"धरू दे. नाहीतरी त्या कानांचा उपयोग काय उरलाय," दारातून त्याची बायको लवॉन म्हणाली. ऑरिनला ते ऐकूच गेलं नाही.

मारित घरी गेली आणि ऑरिन मला लावायला बसला. मला लावायला मापात छाटलेली एक नमुन्याची पुंगळी लागते. ती इतक्या वर्षांत कुठे गडप झाली कोण जाणे. ऑरिनने डब्यात हात घातला आणि त्यातली सगळ्यात चकचकीत पुंगळी उचलली.

"ही बरी दिसते," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं लोखंड गार पडलं. ती पुंगळी कितीतरी वेळा झाडलेली होती. घासून चमकवलेली होती, पण छाटलेली नव्हती. तिची मान चांगलीच लांबलेली होती. ऑरिनने पातं तिच्या तोंडाला टेकवलं आणि स्क्रू आवळला. चुकीचं माप आता माझ्या हाडात बसलं.

लांब मानेची पुंगळी रायफलीत गेली की तिचं तोंड नळीच्या अरुंद भागात दाबलं जातं. ते गोळीला चिमट्यासारखं धरून बसतं. दारू तर पेटलेली असते. पुढे वाट मिळाली नाही की तिचा जोर मागे उलटतो. आणि मागे, बोटभर अंतरावर, नेम धरणाऱ्याचा गाल असतो. इथे तो मारितचा असणार होता.

मी ओरडलो. म्हणजे खरखरलो, थरथरलो, मोटर तापवून उंदरांच्या जुन्या घरट्याचा जळका वास सोडला. ऑरिनने प्रेमाने माझ्यावर हात फिरवला.

"म्हातारा झालास रे. माझ्यासारखाच कुरकुरतोस." आणि त्याने मला तेल पाजलं!

एकेक पुंगळी येत होती. माझं पातं तिला नुसतं चाटत होतं. पूर्वी खाली कातरणाची रास पडे, आता चिमूटभर भुगा. ऑरिनने चार पुंगळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वरून बोट फिरवलं. एकीचंही डोकं वर नव्हतं.

"बघ लवॉन! सगळ्या सारख्या! म्हातारा छाटणीवाला अजून चुकत नाही."

आयुष्यात एवढी बोचरी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

त्याने काडतुसं भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मारित आली, डबा उचलला आणि खडीच्या खाणीकडे निघाली, कागदावर नेम तपासायला. पिकअपचा आवाज टेकडीआड गेला. लवॉन दारात उभी राहून ऐकू लागली. खाणीतला बार घरापर्यंत येतो.

मीही ऐकत होतो. बार झाला की काय होईल ते मला माहीत होतं. प्रत्येक क्षणाला वाटे, आता. वाऱ्याने पत्रा हलला, मला वाटलं, झालं. दूर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा फट् असा आवाज आला आणि माझ्या पात्यावरचा भुगा आपोआप खाली सांडला.

"वाजली का?" ऑरिनने विचारलं.

"नाही."

"एवढा वेळ? झोपली की काय ही?"

बार झालाच नाही. पिकअप परत आली. मारितने डबा फळीवर ठेवला.

"बाबा, रायफलीचा बोल्ट पूर्ण बंद होईना. काडतूस आत ढकलताना अडतोय."

"मनगटात जोर नाही तुझ्या. तळहाताने ठोकायचा."

"ट्रक चालवते मी, बाबा. जोर आहे. पण न ठोकलेलं बरं वाटलं."

"अगं, सगळ्या एकसारख्या आहेत. मी बोटाने बघितलंय!"

"सारख्या आहेत हो. पण कशासारख्या?"

मारितने खणातून व्हर्निअर काढलं, उरलेली एक रिकामी पुंगळी मोजली, काडतुसं भरण्याच्या पुस्तकातलं माप काढलं आणि दोन्ही बापासमोर धरलं. त्याने चष्मा पुसून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. खुर्ची शोधत त्याचा हात मागे गेला, आणि ती लवॉनने सरकवली.

"मी तुला ठोकायला सांगत होतो," तो म्हणाला. एवढंच.

ती सगळी काडतुसं त्यांनी उघडली, दारू वेगळी केली. मग ऑरिन मारितला म्हणाला, "तू लाव याला. मोजून लाव."

तिने स्क्रू सैल केला. एक पुंगळी छाटली, मोजली. पातं केसभर पुढे घेतलं. पुन्हा छाटली, पुन्हा मोजली. पुस्तकातलं माप आलं तेव्हाच स्क्रू आवळला. मग मी असा कापत सुटलो की शेडमध्ये सोनं उडतंय असं वाटावं. पण दर थोड्या पुंगळ्यांनी ती थांबायची आणि एक मोजायची. मला त्याचा मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल पाजा, पोत्याखाली टाकू नका, हे तर आहेच. पण आमच्या चकचकीतपणावर भाळू नका. आम्हाला चुकीचं माप दिलंत, तर आम्ही तीच चूक प्रामाणिकपणे शंभरदा करू, आणि तोंड असून सांगू शकणार नाही. एखादी गोष्ट अडली, तर तिला ठोकू नका. थांबा. मोजा. मारितच्या गालाला काही झालं नाही ते माझ्या थरथरण्यामुळे नाही. तिने एकदा हात आवरला, म्हणून.