तिसरा पाय

ज्ञानेशनं बोट सर्किटजवळ नेलं. स्पर्श झाला नव्हता, चार बोटांचं अंतर होतं. तरी रिले टक् करून वाजला आणि टेबलावरचा दिवा लागला. राहू गावच्या मारुतरावांच्या विहिरीवर या दिव्याच्या जागी पंपाची मोटर होती, आणि तिच्या पट्ट्यातून त्यांचा हात थोडक्यात वाचला होता.

“सर, चिपचा तिसरा पाय मोकळा हाय,” गौतमी म्हणाली.

“अकरा वर्षं मोकळाच आहे. आपण दोनच सिग्नल वापरतो.”

“जुनी चिप व्हती तवा चालत व्हतं. ती मोकळ्या पायाला आपसूक ‘चालू’ धरायची. ही नवी तसं धरत न्हाई, नुस्ता हात जवळ आला तरी हिचं मत बदलतं. प्लसला बांधून टाकू.”

शिरूरच्या त्या शेडमध्ये पंपांचे ऑटो-स्टार्टर बनत आणि त्यांचा आराखडा ज्ञानेशचा होता. हे वाक्य तो मनाशी इतक्यांदा म्हणाला होता, की त्याला त्यात वृत्ताची गोडी सापडली होती. मालक शंकररावांनी मात्र त्याच्याकडे न पाहताच फर्मावलं,

“गौतमीताई, उद्या राहूला तुमी बी चला. बोर्ड नीट चालला तर फुडच्या आराखड्यावर तुमचं नाव घालू.”

ताई! आठ महिन्यांपूर्वी आलेली आयटीआयची मुलगी. त्याला ‘ज्ञानेशराव’ व्हायला सहा वर्षं लागली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा धुवायला नळावर गेली. तिसऱ्या पायापासून प्लसपर्यंत तिनं जोडलेली लाल वायर बोर्डावर कमानीसारखी उभी होती. जोडणी इतकी स्वच्छ, की त्याला ती उद्धट वाटली. त्यानं कटर घेतला, वायर मधोमध तोडली, झाकण लावून चारही स्क्रू आवळले. मग स्वतःचा डबा उघडला आणि चवीनं जेवला. मारुतरावांचा हात त्या जेवणात एकदाही आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मारुतराव चार पावलं मागेच थांबले.

“आदी तुमचा हात घाला, सायेब. माझे घरी मोजून घेत्यात.”

ज्ञानेशनं झाकण काढलं, हात जवळ नेला. रिले गप्प. आणखी जवळ नेला. मोटर हलली नाही. त्यानं खटका पाडला आणि बोर्ड उलटा केला. खाली, तांब्याचा मुलामा असलेल्या बाजूला, तिसऱ्या पायापासून प्लसपर्यंत केसासारखी एक तार डाख देऊन बसवली होती.

गौतमी ती तार पाहत नव्हती. ती लाल वायरीची तुटकी टोकं पाहत होती.

“काय झालं?” शंकररावांनी विचारलं.

“काय न्हाई. वरची वायर नुस्ती सरांना दिसावी म्हनून लावली व्हती. जादाची व्हती. सरांनी काढली.”

“बरं केलंत, ज्ञानेशराव.”

तो झाकण बसवू लागला. तीन स्क्रू बसले. चौथ्याला भोक सापडेना. तिनं तो त्याच्या बोटांतून घेतला आणि बसवला.